संघर्षग्रस्त मुलांच्या संरक्षणावरील तीन दिवसांची कार्यशाळा : सीमाभागातील एका शिक्षकाचे परीक्षण

खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी एकोणीस वर्षे शिकवत आहे. गेल्या दसऱ्याच्या सुटीत बेळगाव शहरातील एका सभागृहात ‘संघर्षग्रस्त समाजातील मुलांचे हक्क आणि संरक्षण’ या विषयावर तीन दिवसांची कार्यशाळा भरली होती. तिला मी स्वतःचे शुल्क भरून गेलो. शुल्क बाराशे रुपये होते आणि त्यात दोन वेळचा चहा, दुपारचे जेवण, एक छापील पुस्तिका व प्रमाणपत्र एवढे मिळाले. काही उणिवाही स्पष्ट लिहायच्या असल्यामुळे आयोजक संस्थेचे नाव येथे देत नाही. मात्र अशा कार्यशाळा आता अनेक ठिकाणी होतात, आणि आमच्या भागातील शिक्षक व अंगणवाडी शिक्षिका ‘जावे का’ असे विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. जावे, असे माझे मत आहे. जाताना काय अपेक्षा ठेवावी आणि काय स्वतःच जोडून घ्यावे, ते पुढे सांगतो.

प्रथम मनात जी अडचण होती ती सांगितली पाहिजे. ‘संघर्षग्रस्त’ हा शब्द आमच्या सीमाभागाला लावावा का, असा प्रश्न मला पडला होता. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून चाललेल्या युद्धाने जगातील मुलांचे सर्वांत मोठे विस्थापन घडवले आहे. त्या मुलांच्या शेजारी बेळगाव, निपाणी, खानापूर येथील मुलांना बसवणे मला पटत नव्हते, आजही पूर्णपणे पटत नाही. पण डिसेंबर २०२२ मधली एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. सीमावाद पेटला, वाहनांवर दगडफेक झाली आणि दोन्ही राज्यांमधील बसफेऱ्या थांबल्या. आमच्या सातवीतल्या एका मुलाचे वडील कोल्हापूरला कामाला होते. ते संध्याकाळच्या गाडीने येतील म्हणून तो अंधार पडेपर्यंत थांब्यावर बसून होता, आणि हातातल्या मोबाइलवर फुटलेल्या काचांची तीच ती चित्रफीत पुन्हापुन्हा पाहत होता. वडील दुसऱ्या दिवशी सुखरूप आले. मुलगा मात्र पुढचे दोन आठवडे वर्गात गाडीचा आवाज आला की खिडकीकडे पाहायचा. त्याच्याशी काय बोलावे हे मला कळले नव्हते, आणि मी काहीच बोललो नव्हतो. कार्यशाळेला जाण्याचे खरे कारण तेच होते.

पहिल्या दिवसाची सुरुवात प्रशिक्षिकेने फार कसबाने केली. आम्हां चाळीस जणांचे आठ गट पाडून प्रत्येक गटाला दोन चिठ्ठ्या दिल्या. पहिल्या चिठ्ठीत उत्तर युगांडातील एका मुलाची हकिगत होती : शाळेच्या वाटेवर असताना बंडखोर टोळीने त्याला पळवून नेले, मारहाण केली आणि लढायला शिकवले. या मुलासाठी काय करावे, एवढेच लिहायचे होते. सगळ्या गटांनी जवळपास सारखेच लिहिले : सोडवावे, घरी पोहोचवावे, उपचार करावेत, शाळेत घालावे. दुसऱ्या चिठ्ठीत त्याच टोळीचा एक सेनापती होता, ज्याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ६१ गुन्ह्यांबद्दल दोषी ठरवले. येथे बहुतेकांनी कठोर शिक्षा लिहिली. एका गटाने फाशी लिहिली. मग तिने सांगितले, की ही दोन्ही माणसे एकच आहेत. डॉमिनिक ओंग्वेन हे त्याचे नाव. न्यायालयाने त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा दिली आणि ती ठरवताना त्याचे पळवून नेलेले बालपण विचारात घेतले. सभागृहात काही क्षण कुणी बोलले नाही. माझ्या शेजारी बसलेल्या गोकाककडच्या एका कन्नड शाळेतील बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या एकमेकींवर ठेवल्या, पुन्हा वेगळ्या केल्या, आणि कितीतरी वेळ त्या तशाच हातात धरून बसल्या.

त्यानंतरची मांडणी वेगाने झाली, पण भक्कम होती. मोझांबिकच्या माजी शिक्षणमंत्री ग्रासा मॅशेल यांनी १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या अहवालामुळे हा विषय जगाच्या चर्चेत कसा आला. १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेने त्यावर पहिला ठराव कसा केला. आणि २००५ च्या १६१२ क्रमांकाच्या ठरावाने नोंद ठेवण्याची यंत्रणा कशी उभी राहिली, हे सगळे एका भिंतीवर लावलेल्या कागदी पट्टीवर क्रमाने दाखवले होते. या यंत्रणेत सहा गंभीर उल्लंघनांची नोंद होते : मुलांना ठार किंवा जायबंदी करणे, त्यांना सशस्त्र गटात भरती करणे किंवा वापरणे, लैंगिक अत्याचार, अपहरण, शाळा व रुग्णालयांवरील हल्ले, आणि मदत पोहोचू न देणे. २०२४ या वर्षासाठीच्या अहवालात अशी ४१,३७० उल्लंघने पडताळून नोंदवली गेली, आणि ही नोंद सुरू झाल्यापासूनचा तो सर्वांत मोठा आकडा आहे. आकडा सांगून प्रशिक्षिका थांबली नाही. एखादी घटना ‘पडताळलेली’ म्हणून मोजली जाण्याआधी पीडितांकडून किंवा प्रत्यक्ष साक्षीदारांकडून मिळालेली माहिती तपासलेली असते, त्यामुळे जिथे पोहोचणेच अवघड तिथली अनेक मुले या आकड्यात येत नाहीत, हे तिने आवर्जून समजावले. हिशोबाची वही तपासण्याची सवय असलेल्या आम्हां शिक्षकांना हा मुद्दा चटकन कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार पाहुणे म्हणून आले होते. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्राचे गाव असल्यामुळे येथे प्रत्येक गल्लीत माजी सैनिक भेटतो. पण त्यांच्यापैकी कुणाला मुलांविषयी बोलताना मी यापूर्वी ऐकले नव्हते. हे सुभेदार संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणाखाली काँगोमध्ये होते. शस्त्रे खाली ठेवायला आलेल्या टोळीतील पोरांना वय विचारले की सगळे ‘अठरा’ म्हणत, असे त्यांनी सांगितले. कारण तसेच सांगायचे त्यांना पढवलेले असे. मग अठराच्या आतले वाटतील त्यांना मोठ्यांपासून वेगळे करून मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे सोपवले जाई. ‘‘सर, त्यांतल्या एकाने माझ्याकडे बंदूक दिली आणि लगेच माझ्या खिशातलं पेन मागितलं,’’ एवढे बोलून ते खाली बसले. काँगोच्याच एका सशस्त्र टोळीचा प्रमुख थॉमस लुबांगा याला पंधरा वर्षांखालील मुलांना टोळीत भरती करून लढाईत वापरल्याबद्दल २०१२ मध्ये दोषी ठरवण्यात आले आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा तो पहिलाच निकाल होता, ही माहिती प्रशिक्षिकेने त्यानंतर दिली. ती योग्य जागी आली.

सैन्यात किंवा टोळीत ओढलेल्या मुलांविषयीच्या २००७ च्या पॅरिस तत्त्वांवरील सत्रही उपयुक्त होते. टोळीसोबत असलेले मूल म्हणजे केवळ बंदूक धरलेला मुलगा असे नसते. स्वयंपाक करणारी, ओझी वाहणारी, निरोप पोहोचवणारी, जबरदस्तीने ‘बायको’ केलेली मुलगीही त्यातच मोजली जाते, आणि परतल्यानंतर मदतीच्या यादीतून सर्वांत आधी तीच गळते. सिएरा लिओनमधील अशा मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासकांना असे दिसले, की घरच्यांनी आणि गावाने कितपत आपले मानले यावर त्यांचे पुढचे सावरणे मोठ्या प्रमाणात अवलंबून होते. शिक्षक म्हणून मला या एका गोष्टीसाठीसुद्धा शुल्क वसूल झाल्यासारखे वाटले.

आता उणिवांकडे वळतो, आणि सर्वांत गंभीर उणीव प्रथम लिहितो. पहिल्या दिवशी दुपारी ‘आपण स्वतः लहानपणी पाहिलेला हिंसाचार’ हा विषय देऊन सर्वांना वर्तुळात बसवले आणि एकेकाला बोलायला सांगितले. आमच्या भागात १९८६ च्या जूनमधील कन्नड सक्तीविरोधी आंदोलन आणि त्यातील गोळीबार पाहिलेली माणसे अजून आहेत. एक वयस्क अंगणवाडी शिक्षिका बोलता बोलता रडू लागल्या. त्यांना थांबता येईना, आणि त्यांना बाहेर घेऊन जायला किंवा नंतर त्यांच्याजवळ बसायला कुणीही नेमलेले नव्हते. गंमत म्हणून खेळ घ्यावा तसा हा विषय घेतला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या दिवशी मानसिक प्रथमोपचाराचे सत्र झाले तेव्हा त्याच प्रशिक्षिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ अशा तीन पायऱ्या शिकवल्या, आणि घडलेली घटना सांगण्याचा आग्रह कुणालाही करू नये, असेही बजावले. मी उभा राहून आदल्या दिवसाची आठवण करून दिली. तिने क्षणभर विचार केला आणि सर्वांसमोर चूक मान्य केली. जेवणाच्या सुटीत ती त्या शिक्षिकेजवळ जाऊन बसलेली मी पाहिली. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटला. तरीही पुढील तुकडीत हा खेळ काढून टाकावा, अशी लेखी सूचना मी दिली आहे.

मानसिक प्रथमोपचाराचे ते सत्र मात्र उत्तम होते. त्यात मला माझ्या सातवीतल्या मुलाशी काय बोलायला हवे होते ते उमगले. ‘घाबरू नकोस’ हे वाक्य टाळावे, कारण भीती वाटणे ही चूक असल्याचा अर्थ त्यातून मूल घेते. त्याऐवजी खात्रीने माहीत असेल तेवढेच सांगावे : गाड्या थांबल्या आहेत, बाबांशी फोनवर बोलणे झाले आहे, ते आज कोल्हापुरातच राहणार आहेत. तीच ती चित्रफीत पाहणे थांबवावे, आणि नेहमीचा दिनक्रम, म्हणजे प्रार्थना, परवचा, खेळाचा तास, जमेल तितका मोडू देऊ नये. यात एकही गोष्ट अशी नाही, जी खेड्यातल्या शिक्षकाला करता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाच्या आवारात ‘बालस्नेही जागा’, म्हणजे संकटाच्या काळात मुलांना सुरक्षितपणे बसता-खेळता येईल अशी जागा, प्रत्यक्ष उभी करून दाखवली. एक ताडपत्री, चार बांबू, दोरी, पाण्याचा एक पिंप, दोन सतरंज्या, चेंडू, खडू आणि पाट्या, एवढेच साहित्य होते. दोरीने हद्द आखायची. येण्याजाण्याला एकच वाट ठेवायची आणि तिच्याशी वही घेऊन एक माणूस बसवायचा. मूल कुणाबरोबर आले आणि कुणाबरोबर गेले, याची वेळेसह नोंद करायची. आत कधीही एकटा प्रौढ ठेवायचा नाही, किमान दोघे हवेत. शौचालयाची वाट मोकळी आणि नजरेच्या टप्प्यात हवी. देणगीदार आला तरी मुलांचे फोटो काढू द्यायचे नाहीत. दोरी बांधताना एका शिक्षकांनी ती मुलांच्या गळ्याच्या उंचीवर बांधली होती; प्रशिक्षिकेने काही न बोलता गुडघ्यावर बसून, मुलाच्या उंचीवरून ती जागा पाहिली आणि दोरी खाली आणली. त्यानंतर आम्ही सगळेच एकेक करून गुडघ्यावर बसलो आणि आपापल्या बाजूची जागा पाहिली.

कायद्याचे सत्र सर्वांत कच्चे होते, आणि याचे मला वाईट वाटले, कारण शिक्षकाच्या हातात प्रत्यक्षात तेच साधन असते. पुस्तिकेत मुलांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकाची माहिती जुनी होती. २०२३ पासून हा क्रमांक मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेखाली सरकारी यंत्रणेमार्फत चालतो आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडला जात आहे, याचा त्यात उल्लेख नव्हता. २०१५ च्या बाल न्याय कायद्यावर जेमतेम वीस मिनिटे मिळाली. अठरा वर्षांखालील मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतले तर त्याला कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवता येत नाही आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. बेकायदा कृत्यासाठी मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढाला कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. हे मुद्दे नुसते वाचून दाखवले गेले. दगड पोरांच्या हातात देऊन स्वतः मागे उभे राहणारी मोठी माणसे कोणत्याही झेंड्याखाली असोत, त्यांना हे कलम ८३ माहीत व्हायला हवे, असे मला तीव्रतेने वाटते.

याच कायद्यात माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तरही होते, आणि ते कार्यशाळेत कुणी वाचलेच नाही. ते मला घरी आल्यावर सापडले. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल कोण, याची व्याख्या करताना कलम २(१४) मध्ये सशस्त्र संघर्षाबरोबरच नागरी अशांततेने आणि नैसर्गिक आपत्तीने बाधित झालेले मूलही धरले आहे. म्हणजे बेळगावला सुदान म्हणण्याची मुळीच गरज नाही. बंद, दगडफेक आणि थांबलेल्या गाड्या यांत सापडलेल्या मुलाला आपल्या कायद्याने आधीच जागा दिली आहे.

आणखी एक गोष्ट सीमाभागात घेतलेल्या कार्यशाळेत सुटायला नको होती. १ नोव्हेंबर १९५६ हा राज्यपुनर्रचनेचा दिवस येथील एका घरी राज्योत्सव असतो आणि दुसऱ्या घरी काळा दिवस. नेमक्या त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम घटनेत आणले, ज्यानुसार भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे कलम ३० अल्पसंख्य समाजातील मुलाला स्वतःची भाषा वापरण्याचा हक्क नाकारू नये असे सांगते, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. मुलाचा भाषेचा हक्क हा कोणत्याही एका पक्षाची मागणी नसून मुलाचाच हक्क आहे, ही गोष्ट कन्नड आणि मराठी शिक्षक एकाच सतरंजीवर बसलेले असताना बोलण्याची फार मोठी संधी होती, ती हुकली. कार्यशाळेची भाषाही इंग्रजी आणि हिंदी होती. पुस्तिका मराठीतही नव्हती आणि कन्नडमध्येही नव्हती. अंगणवाडी शिक्षिकांपैकी निम्म्याजणींना ती घरी जाऊन वाचता येणार नाही.

तरीही एकत्र बसण्याचा लाभ झाला तो आमचा आम्हीच करून घेतला. बंदच्या दिवशी शाळेतून घरी जाण्याच्या वाटेचा नकाशा काढा, असे काम मिळाले तेव्हा गोकाकच्या बाई माझ्या गटात होत्या. त्यांना मराठी समजते, बोलताना अडते. माझे कन्नड कामापुरते आहे. मी बसथांबा, चौक आणि पोलीस चौकी काढली. त्यांनी पेन्सिल घेतली आणि वाटेवरच्या तीन घरांवर गोल केले. ‘‘सर, ही घरं कुणाची आहेत ते आधी विचारा,’’ त्या म्हणाल्या. त्यांच्या गावात त्यांनी असे केले होते : गडबड झाली तर मुले ज्या घरात शिरू शकतील अशी घरे ठरवून, त्या घरच्या बायांशी बोलून ठेवले होते, आणि त्यांत दोन्ही भाषांची घरे होती.

व्यवस्थेविषयी थोडक्यात : सभागृह हवेशीर होते, जेवण साधे आणि चांगले होते, सत्रे रोज पाऊण तास उशिरा संपली. खानापूर किंवा चंदगडकडून येऊन परत जाणाऱ्यांना शेवटची गाडी चुकण्याची धास्ती राहते, त्यामुळे शहरात कुणाकडे राहण्याची सोय असेल तरच निश्चिंतपणे जावे. पुढील तुकडीसाठी आयोजकांनी दोन्ही भाषांतील पुस्तिका आणि बालकल्याण समितीतील कुणी सदस्य, एवढे दोन बदल केले तर शुल्क दुप्पट असले तरी मी सहकाऱ्यांना आग्रहाने पाठवीन. आज मी पाचपैकी साडेतीन गुण देतो, आणि ते जवळजवळ सगळे चिठ्ठ्यांच्या खेळाला, मानसिक प्रथमोपचाराला आणि त्या दोरीला आहेत.

कार्यशाळेहून आल्यावर मी शाळेत दोन गोष्टी केल्या. दाराशी एक वही ठेवली, ज्यात गडबडीच्या दिवशी कोणते मूल कुणाबरोबर घरी गेले ते लिहिले जाते. आणि कुटुंबापासून ताटातूट झालेल्या मुलांच्या सत्रात शिकलो होतो त्याप्रमाणे दुसरीच्या वर्गात प्रत्येकाला स्वतःचे, आईचे आणि गावाचे नाव व एक फोन क्रमांक सांगायला लावला. एकवीसपैकी सात मुलांना आईचे नाव सांगता आले नाही. ‘‘आईचं नाव आई,’’ असे एकीने ठामपणे उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी ती सकाळी प्रार्थनेच्या आधीच माझ्या टेबलापाशी आली आणि आईचे पूर्ण नाव, वाडीचे नाव आणि मामाचा दहा आकडी क्रमांक न अडखळता म्हणून दाखवला. मी तो वहीत लिहिला, आणि तिने वाकून एकेक आकडा तपासून पाहिला.